आकृतीखालची ओळ

भूगोल शिकवायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली, आणि त्यातला निम्मा काळ तरी मी आकृत्यांच्या खालची एक ओळ वाचण्यात घालवला असेल. ती ओळ म्हणजे स्रोत. आलेख असो, नकाशा असो, तक्ता असो, त्याच्या खाली लिहायचं की बाबांनो, हे आकडे आले कुठून. कोणी मोजले, कधी मोजले, कुठल्या अहवालात छापले, कितव्या पानावर. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे? पण छे! आमच्या नगरच्या कॉलेजात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला साठ-सत्तर पानांचा प्रकल्प असतो, आणि दर उन्हाळ्यात त्या प्रकल्पांचा ढीग टेबलावर येऊन पडला की माझं डोकं फिरतं.

'स्रोत : इंटरनेट.' ही सगळ्यांची लाडकी ओळ. अरे, इंटरनेट हा स्रोत होत असेल तर मग पाकिटावर पत्ता म्हणून नुसतं 'पृथ्वी' लिहा आणि टाका पेटीत, बघू पोचतंय का. त्याच्या खालोखाल 'स्रोत : मोबाईल'. मग 'स्रोत : सरांच्या नोट्स'. एकानं तर 'स्रोत : मित्र' असं लिहिलं होतं. मी विचारलं, कोण मित्र? तर म्हणाला, मॅडम, तो आता इकडं नसतो, चाकणला कामाला लागला. म्हणजे माझ्या जिल्ह्यातल्या उसाखालच्या क्षेत्राचा आलेख आता चाकणच्या कुठल्याशा शेडमध्ये पाळी करत होता.

आणखी सांगते. एका महाभागानं अकोले तालुक्यातल्या भाताच्या पिकाचा आलेख लावला होता. रंगीत, देखणा. फक्त त्यावरची अक्षरं कुठल्या भाषेतली आहेत ते आमच्या आख्ख्या स्टाफरूमला कळेना. मी त्याला बोलावून विचारलं, ही कुठली लिपी रे? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते डिझाईन आहे." दुसऱ्या एकीच्या वर्तुळालेखातल्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या पार पुढं गेली होती. तिला दाखवलं तर म्हणे, "मॅडम, उत्पादन वाढलंय ना." मी कपाळावर हात मारला. मारून मारून कपाळ गुळगुळीत व्हायची वेळ आलीय.

पोरांनाच बोलते असं नाही. आमचे प्राध्यापक काय कमी आहेत? चर्चासत्रात उठतात, भिंतीवर एक आलेख फेकतात, त्यावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव तिरपं, फिकट अक्षरांत उमटलेलं असतं, आणि हे छाती काढून म्हणतात, "माझ्या संशोधनातून असं दिसून येतं." दिसून येतं म्हणे! त्यांच्या आलेखात त्यांचं काय असतं, तर पॉइंटर धरलेला हात. आमचे विभागप्रमुख तर या सगळ्याकडे बघून एकच वाक्य म्हणतात. जाऊ द्या मॅडम, बघतंय कोण? अभ्यासक्रम असो, हजेरी असो, प्रकल्प असो, त्यांचं आपलं बघतंय कोण.

मी बघत होते. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? माझे वडील भिंगारला लष्कराच्या भांडारात मुलकी कारकून होते. घरात टाचणी आली तरी कुठून आली ते विचारणारा माणूस. तोच स्वभाव माझ्यात उतरला असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. तर मी वर्गात एक नियम केला होता. प्रकल्पाचा कच्चा मसुदा सुट्या पानांत माझ्याकडे आणायचा. ज्या पानावर आकृती आहे आणि खाली स्रोत नाही, ते पान मी सगळ्यांसमोर फाडणार आणि तुकडे हातात देणार. तसं मी करायचेही. पोरं मला पाठीमागं 'स्रोतबाई' म्हणायची. म्हणेनात का.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असेल तर मी तिकडे काणाडोळा केला. फाडायच्या नियमानं पोरं स्रोत शोधायला शिकली नाहीत. आकृतीखाली एक ओळ असली की पान वाचतं, एवढंच शिकली.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. राजूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वस्ती आहे, तिथली. तिकडं पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं आणि होळी झाली की बाया एका विहिरीवर हंडे घेऊन रांगेला लागतात. मुलगी अबोल. मागच्या बाकावर खिडकीशी बसायची, विचारलं तर नेमकं सांगायची, न विचारलं तर तोंड उघडायची नाही. वस्तीवरून एम.ए.पर्यंत पोचलेली ती पहिली. नगरला मुलींच्या वसतिगृहात राहायची, आणि त्या वसतिगृहाचा नियम असा की विद्यार्थिनी नापास झाली की जागा गेली. जागा गेली की तिचं शिक्षण संपलं, कारण नगरात खोली करून राहणं तिच्या घरच्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि विभागात सगळ्यांना माहीत होतं.

तिचा प्रकल्प त्याच विहिरीवर होता. विहिरीतलं पाणी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कसं खाली जातं. मी विषय बघून नाक मुरडलं होतं. एक विहीर! म्हटलं, तालुका तरी घे. ती नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. विहीरच घेतली.

जानेवारी संपत आला होता तेव्हा तिनं कच्चा मसुदा आणला. त्यात मधोमध एक आलेख होता, आलेख-कागदावर पेन्सिलनं हातानं काढलेला. उभ्या अक्षावर पाण्याची पातळी, आडव्या अक्षावर आठवडे. अक्षांना नावं होती, एककं होती, शीर्षक होतं, आकृती क्रमांक होता. रेघ खाली खाली उतरत गेलेली आणि मध्येच एका ठिकाणी तुटलेली. आणि खाली स्रोत नव्हता.

"याचा स्रोत?" मी विचारलं.

"मॅडम, ते आमच्या इथं..."

"आमच्या इथं म्हणजे कुठं? कुठला अहवाल?"

"अहवाल नाही मॅडम. आई आणि वस्तीवरच्या बायका..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. माझ्यात तेव्हा काय संचारलं होतं कोण जाणे. त्या दिवशी ती अकरावी होती आणि आधीच्या दहांनी माझं रक्त आटवलं होतं, पण ते काही कारण होत नाही. मी म्हटलं, "वा! आई! आता आईला संदर्भसूचीत घालणार का? आडनाव आधी, मग नाव, मग प्रकाशनाचं ठिकाण?" वर्ग हसला. वर्ग हसला की मला आणखी चेव येतो, ही माझी खोड आहे. "आणि ही रेघ अशी मध्येच तुटलीय कशी? निदान एवढं तरी जोडून आणायचं." असं म्हणून मी ते पान उभं फाडलं, मग आडवं फाडलं आणि चार तुकडे तिच्या हातात ठेवले. तिनं ते नीट एकावर एक ठेवले, वहीत घातले आणि जागेवर जाऊन बसली.

मग मी फळ्याकडे वळले. म्हटलं, शेवटचं सांगते, पुन्हा सांगणार नाही. नमुना म्हणून एक आख्खी ओळ लिहिली. जिल्ह्याच्या भूजल पाहणीचा एक जुना अहवाल होता, त्याचं नाव, कार्यालयाचं नाव, वर्ष, पान क्रमांक. स्वल्पविराम कुठं, पूर्णविराम कुठं, सगळं लाल खडूनं दाखवलं. पान क्रमांक मला आठवत नव्हता, म्हणून मनाला येईल तो ठोकून दिला. नमुनाच तर होता, बघतंय कोण! हे विभागप्रमुखांचं वाक्य मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं, पण वागले तशीच.

पंधरा दिवसांनी मुलगी मसुदा पुन्हा घेऊन आली. आता आलेख कॉम्प्युटरवर काढलेला होता. रेघ अजून तिथंच तुटलेली होती, पण माझं तिकडं लक्ष गेलं नाही, कारण आलेखाखाली स्रोत होता. आणि काय स्रोत होता! अहवालाचं नाव, कार्यालय, वर्ष, पान. स्वल्पविराम जागच्या जागी. मला ती ओळ ओळखीची वाटली आणि ओळखीची वाटली म्हणूनच बरोबर वाटली. मी ते पान वर्गापुढं उंच धरलं. म्हटलं, बघा लेको, याला म्हणतात स्रोत. घ्या काही शिकून. मुलगी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली.

तो अहवाल उघडून ते पान मी बघितलं का? नाही. तीस पोरांचे कान धरून 'स्रोत तपासा' म्हणणारी मी, माझ्या खोलीतल्या कपाटात तो अहवाल असताना उठून दोन पावलं गेले नाही. ओळ नेटकी होती, मी खूश होते. एवढ्यावर मसुद्याला सही दिली.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक उंच, कोरडे, थोडे माझ्यासारखेच होते. चार मुलांना त्यांनी आकृत्यांवरूनच घामाघूम केलं तेव्हा मला मनातून गुदगुल्या होत होत्या. आला, म्हटलं, एक तरी माणूस आला ज्याला कळतं. मग या मुलीचा नंबर लागला. परीक्षकांनी आलेख बघितला, खालची ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"हा अहवाल माझ्याकडं आहे," ते म्हणाले. "यात वस्तीवरच्या एका विहिरीचे आठवड्याचे आकडे? मला तर कधी दिसले नाहीत." त्यांनी लॅपटॉप उघडला, अहवाल काढला, ओळीत दिलेलं पान काढलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. त्या पानावर कुठल्याशा उद्घाटनाचे फोटो होते. हार, नारळ, फीत कापणारे हात. विहीर नव्हती, पाणी नव्हतं, आकडा नव्हता.

त्या क्षणी मला ती ओळ का ओळखीची वाटली होती ते आठवलं. अहवाल मी फळ्यावर लिहिलेला, वर्ष मी लिहिलेलं आणि पान क्रमांक मी ठोकून दिलेला.  तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही, पण बाहेर काय पडलं? "मला हे अजिबात माहीत नव्हतं, सर. असल्या गोष्टींच्या मी किती विरोधात आहे ते अख्ख्या कॉलेजला माहीत आहे." आणि तिच्याकडे वळून, वरच्या पट्टीत, "लाज नाही वाटली असं करताना?"

परीक्षकांनी तिला विचारलं, "हे आकडे आले कुठून मग?"

ती म्हणाली, "विहिरीतून, सर."

कोपऱ्यात बसलेले आमचे विभागप्रमुख हसले. परीक्षक हसले नाहीत. ते म्हणाले, बनावट आकडे आणि खोटा स्रोत, हा प्रकल्प मी नापास करतो. विभागप्रमुखांनी मध्येच सांगितलं की सर, मुलगी वसतिगृहातली आहे, जागा जाईल. त्यावर परीक्षक म्हणाले की मग तिनं हे आधी बघायला पाहिजे होतं.  तेव्हा मुलीला आवाज फुटला. ती म्हणाली, "सर, माझी वही वसतिगृहात आहे. दहा मिनिटं द्या."

ती धावत गेली आणि धावत आली. साधी शाळेतली दोनशे पानी वही, कोपरे मुडपलेली. परीक्षकांनी ती उघडली आणि पानामागून पान वाचत गेले. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं मान लांब करून जेवढं दिसेल तेवढं वाचत होते. तारीख, वेळ, कोणी मोजलं त्या बाईचं पूर्ण नाव, काठापासून पाण्यापर्यंत दोर किती हात गेला, आणि त्याचे मीटर. पहिल्या पानावर मोजायची रीत लिहिली होती. दोराला हातभर अंतरावर लाल चिंधीच्या गाठी मारल्यात, पोहरा पाण्याला टेकला की गाठी मोजतात, आणि आईचा हात स्केलपट्टीनं मोजून घेतला आहे. दर बाजाराच्या दिवशी सकाळी मोजायचं, कारण वस्तीवर मोबाईलला रेंज नाही. आई बाजाराला राजूरला उतरली की तिथून फोन करून आकडा सांगते.

परीक्षकांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथं आलेखातली रेघ तुटलीय. इथं काय झालं?"

"त्या दिवशी वस्तीवर मयत झाली होती, सर. कोणी मोजलं नाही."

"मग रेघ जोडली का नाहीस?"

"मोजलंच नाही, तर जोडू कशी?"

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मी तिला वर्गात काय म्हटलं होतं ते तिला आठवत असणारच, पण ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

"अगं, मग एवढं सोन्यासारखं काम स्वतः केलंस," परीक्षक आता तिला अगं म्हणायला लागले होते, "आणि खाली तो अहवाल कशाला लिहिलास?"

आता मात्र तिनं माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. त्या बघण्यात तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं, मला भांडता आलं असतं. ती नुसती वाट बघत होती, मी काही बोलते का याची. मी बोलले नाही. मूग गिळून बसणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी सगळ्यांच्या देखत करून दाखवलं.

"चुकलं, सर," ती म्हणाली.

परीक्षकांनी एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. मार्गदर्शकाचा अभिप्राय. म्हणाले, हा खोटा स्रोत कसा आला ते तुम्ही लिहून द्या, त्यावर मी गुणांचं ठरवतो. पेन हातात घेतलं. काय लिहायचं ते मला शब्दन्‌शब्द माहीत होतं. विभागप्रमुख माझ्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "विद्यार्थिनीचा गैरसमज, असं लिहा मॅडम. बघतंय कोण?" ज्या माणसाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याचं मी निमूट ऐकलं. 'विद्यार्थिनीचा गैरसमज झाल्यामुळे' एवढंच लिहिलं आणि सही केली. सही मात्र नेहमीसारखी झोकदार आली.

परीक्षक म्हणाले, काम खरं आहे म्हणून नापास करत नाही, पण गैरसमज तिचाच असेल तर खोट्या स्रोताची किंमत तिलाच मोजावी लागेल. तिला काठावर पास केलं. वर्गात सगळ्यात कमी गुण तिला. 'स्रोत : इंटरनेट' लिहिणारी तिच्या वर गेली, ते 'डिझाईन'वाल्याचे भाऊबंदसुद्धा. वसतिगृहाची जागा मात्र वाचली. मी स्वतःला सांगितलं, चला, जागा तर वाचली. पुढचे आठ दिवस स्कूटीवर भिंगारहून येता-जाता मी हेच वाक्य स्वतःला सांगत होते.

मग ती दुरुस्त केलेली प्रत घेऊन माझ्या खोलीत आली. ग्रंथालयात ठेवायच्या प्रतीवर माझी सही लागते. आलेखाखालची ओळ तिनं बदलली होती. आता तिथं वस्तीवरच्या बायकांची नावं होती, सगळ्यांची पूर्ण नावं, पहिलं तिच्या आईचं, आणि शेवटी 'यांनी केलेली मोजणी'. आलेखापेक्षा ती ओळच जास्त जागा खात होती. तिनं विचारलं, "मॅडम, वही परिशिष्टात लावू का?" मी म्हटलं, बघू, आण इकडं.

त्या दिवशी मी ती वही पहिल्यांदा नीट चाळली. सुरुवातीच्या पानांवर दर आठवड्याला एक आकडा होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून दोन आकडे दिसायला लागले. दोन वेगळ्या बायकांची नावं, दोन आकडे, जवळपास सारखेच. पुढं थेट मेपर्यंत तसंच.

"हे दोन-दोन का गं?"

ती काही बोलायच्या आत तिचा मोबाईल वाजला. तिनं घाईनं बंद केला. परत वाजला. मी म्हटलं, घे, घरचा असेल.

"आईचा आहे. पाणी सांगायला. आज बाजार आहे ना."

"अजून मोजतात? प्रकल्प तर संपला."

"मी सांगितलं तिला. ती म्हणते, प्रकल्पाची दुरुस्ती चाललीय तोवर मोजू." मग माझ्या टेबलावरच्या वहीकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही पान फाडलं ना मॅडम, ते मी आईला सांगितलं होतं. तिला वाटलं, आपलं मोजणं चुकतंय म्हणून फाडलं. वस्तीवरच्या बायकांनी बसून ठरवलं, आता दोघीजणींनी वेगवेगळं मोजायचं. त्या आठवड्यापासून दोनदा मोजतात."

 मी हात पुढं केला. "दे फोन माझ्याकडं."

पलीकडं बाजाराचा गलका होता. मी सांगितलं, तुमच्या मुलीची बाई बोलतेय. तिची आई म्हणाली, "काय चुकलं का बाई परत?"

"नाही, नाही. तुमचं मोजणं पहिल्यापासून बरोबर होतं. मी पान फाडलं ती माझी चूक होती. तुमची नाही, मुलीची नाही."

"व्हय?"

"हो."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं, बाई?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती खरंच विचारत होती. "आता पानी पार बुडाशी गेलंय. एकदा पोहरा सोडला की समदं ढवळतं. दुसऱ्यांदा सोडला की आनखी गढूळ. मंग ते निवळंपतूर हंडे घिऊन उन्हात बसायचं आमी साऱ्याजणींनी. तुमी एक शबूद सांगितला असता, तर एकदाच मोजलं असतं की."

 मी म्हटलं, "आता एकदाच मोजा. मोजायचं असेल तर."

"तसं लिहून द्या मंग पोरीजवळ," ती म्हणाली. "माझ्या नुसत्या सांगन्यानं बाया ऐकायच्या न्हाईत. बाईंनी लिहून दिलंय म्हटलं की ऐकत्याल."

फोन ठेवून मी कागद घेतला. मुलगी समोर उभी होती. मी लिहिलं, 'विहिरीची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती. विद्यार्थिनीनं खरा स्रोत सांगितला होता. तो मी ऐकून न घेता तिचं पान फाडलं, आणि नंतर तिनं लिहिलेली खोटी ओळ ही मीच फळ्यावर लिहिलेली होती. चूक माझी.' खाली पूर्ण नाव घातलं, तारीख घातली, सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो उभ्या उभ्या वाचला. मग परत एकदा वाचला, या वेळी सावकाश.

"हे त्या दिवशी परीक्षकांच्या कागदावर लिहायचं होतं, मॅडम," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून वही उचलून निघून गेली.